खोपोलीच्या पार्कात नऊ जणांनी जेवायचं कुठं, हे ठरवता ठरवता

तिकिटं भाऊजींनी काढली होती. माझे दीर पनवेलला कंपनीत आहेत, त्यांनी फोनवरच सांगून टाकलं, वहिनी, खोपोलीच्या इमॅजिका पार्काचं सगळं माझ्याकडे, तुम्ही फक्त आईबाबांना घेऊन या. मग हे म्हणाले, तिकिटं तो काढते तं जेवणखाण आपण करू, तेवढं तरी आपल्याकडून व्हायला पाहिजे. आणि आमच्या घरात जेवणखाण म्हटलं की ते माझ्याकडेच येतं, म्हणून तिथं कुठं जेवायचं, काय जेवायचं, किती पैसे लागतील हा सगळा विचार मलाच करावा लागला, आणि खरं सांगते, गाडीचं रिझर्वेशन करायला जेवढा वेळ नाही लागला तेवढा या एका गोष्टीत गेला.

हे २०१९ च्या डिसेंबरातलं. आमचं गाव धामणगाव रेल्वेपासून आत आहे, अमरावती जिल्ह्यात. त्या वर्षी परतीच्या पावसानं सोयाबीन शेंगेतच काळं पडलं आणि कापसाचा पहिला वेचा पूर्ण भिजला. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ५५५० रुपये होता, पण भिजलेल्या कापसाला तो भाव कोण देते. म्हणजे हात सढळ नव्हता. तरी पोरांना दोन वर्षांपासून कबूल केलं होतं, आणि आईंनाही (माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते) महड आणि पालीचा गणपती करायचा होता, आणि इमॅजिका बरोबर त्याच खोपोली-पाली रस्त्यावर आहे, मग जुळून आलं.

आता नऊ माणसं कोण ते सांगते, कारण सगळा घोळ त्यातच आहे. आई तेव्हा अडुसष्टच्या, अकरा वर्षांची शुगर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. शिवाय माळकरी, ज्या कढईत अंडं पडलं त्या कढईतलं त्या खात नाहीत. बाबांना नवीन कवळी बसवली होती, भाकरी दुधात कुस्करूनच जायची. माझी पोरगी तेरा वर्षांची, तिला बर्गरच पाहिजे होता, तेही तिथल्या अमेरिकन हॉटेलातला, फोटो पाहून ठेवले होते तिनं. पोरगा सात वर्षांचा, त्याला वरणभात सोडून दुसरं जग नाही. जाऊबाई पाच महिन्यांच्या गरोदर, तिला कोणत्याच पाळण्यात बसू देत नव्हते आणि वासानं मळमळायचं. तिचं अडीच वर्षांचं लेकरू. भाऊजी आणि हे, हे दोघं काहीही खातात, पण यांना तिखट लागते. आणि मी.

पहिले मला वाटलं शिदोरी न्यावी. आपल्याकडे कुठंही जा, शेगावला जा नाहीतर माहूरला जा, दशम्या, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा आणि कोरडं बेसन बांधून घेतलं की दोन दिवसांची काळजी मिटते. आईंनीही तेच म्हटलं, "मले दोन भाकरी बांधून दे, मी काई तिथलं खात नाई." पण भाऊजींनी सांगितलं की बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, गेटवर बॅग तपासतात. औषधं आणि लहान लेकराचं चालते. मग मी आमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली, शुगरचा पेशंट आहे, इन्सुलिन, शुगर तपासायचं मशीन, साखर आणि बिस्किटं जवळ ठेवणं गरजेचं आहे अशी. ती चिठ्ठी गेटवर दाखवली, त्यांनी काही अडवलं नाही. कोणाच्या घरी शुगरचं माणूस असेल तर ही चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा.

तारीखसुद्धा जेवणावरूनच ठरली. कालनिर्णय काढून बसलो तर २२ डिसेंबरला एकादशी, आईंचा उपवास. २५ ला नाताळ, म्हणजे पार्कात पाय ठेवायला जागा नाही आणि जेवणाच्या लाईनी. आणि २६ ला सकाळी सूर्यग्रहण! ग्रहणात आई पाण्याचा घोटही घेत नाहीत आणि सकाळचं इन्सुलिन बरोबर त्याच वेळेला. म्हणून त्याच्या आधीचा शुक्रवार, २० तारीख पक्की केली. बुधवारी संध्याकाळी धामणगावहून विदर्भ एक्सप्रेस, गुरुवारी पहाटे कल्याण, तिथून खोपोली लोकल, गुरुवारी देव, शुक्रवारी पार्क, शनिवारी संध्याकाळी परतीची गाडी आणि एकादशीला घरी.

मग मी पार्काच्या नंबरवर फोन लावला. पोरगी म्हणे, आई, नेटवर सगळं आहे, फोन कशाला करते. पण मला मेनू नको होता, मला चार गोष्टी विचारायच्या होत्या. साधा भात आणि साधं वरण कुठं मिळेल. शाकाहारी वेगळं मांडतात का. जेवण किती वाजल्यापासून चालू. आणि गेटपासून म्हाताऱ्या माणसाला किती चालावं लागेल. पलीकडच्या पोरीनं नीट समजावून सांगितलं. इमॅजिका कॅपिटल म्हणून मोठं बुफेचं हॉटेल आहे, त्यात डाळ-भात, भाजी, रोटी, गोड सगळं. रेड बॉनेट म्हणजे पोरीचं ते बर्गरवालं. एक जहाजासारखं बांधलेलं आहे आर्माडा नावाचं, आणि रॉबर्टोज म्हणून एक पिझ्झा-पास्त्याचं.

आता हिशोब. बुफेत माणशी पैसे लागतात, मग तुम्ही एक वाटी भात खा की दहा वाट्या. आई दीड पोळी आणि वाटीभर वरण खातात. बाबा त्याहून कमी. पोरगा तर चार घास खाऊन पळतो. त्यांचे बुफेचे पैसे भरायचे म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं, त्या पैशात आमच्या इथं आठवड्याचा किराणा होतो. म्हणून पहिल्यांदा मी कागदावर असं लिहिलं की हे आणि भाऊजी बुफेत, बाकी सगळे प्लेटनं. ज्याला जास्त खायचं त्याला बुफे, हे कोणालाही पटेल असंच आहे. गुरुवारी संध्याकाळी जे झालं त्यानंतर मी तो कागद उलटा केला.

गुरुवारचा दिवस तसा फार छान गेला. गाडीत शेगाव स्टेशनवर यांनी खिडकीतून कचोऱ्या घेतल्या, गरम होत्या, वर तळलेली मिरची, पोरांनी दशम्या सोडून त्याच खाल्ल्या. सकाळी खोपोलीत लॉजवर आंघोळी केल्या आणि पोहे मागवले तर त्यावर ओलं खोबरं, तर्री नाही. यांनी दोनदा विचारलं, तर्री नाही का, तो पोरगा बिचारा पाहत राहिला. महडला दर्शन झालं. तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड जळून राहिला असं सांगतात, आई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. पालीला एका घरगुती खानावळीत जेवलो. तांदळाची भाकरी आली, पांढरीशुभ्र, कापडासारखी मऊ. आम्ही ज्वारीची खाणारी माणसं, पण बाबांनी ती भाकरी कुस्करलीसुद्धा नाही, नुसती आमटीत बुडवून कवळीनं खाल्ली, अडीच भाकरी. एवढं जेवताना त्यांना मी कवळी बसवल्यापासून पाहिलं नव्हतं. खानावळवाल्या काकूंना मी पिठाची उकड कशी काढता ते विचारून घेतलं.

संध्याकाळी परत येताना रस्त्यावर एका हॉटेलात थांबलो. नाव नाही सांगत. बाहेर शुद्ध शाकाहारीची मोठी पाटी. ऑर्डर देताना मी वेटरला सांगितलं, दादा, आई शुगरच्या आहेत, किती वेळ लागेल? तो म्हणे दहा मिनटं. आईंचं इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधीचं असते, उशीर होऊन राहिला म्हणून मी लगेच दिलं. आणि जेवण आलं सव्वा तासानं. मी दोनदा काउंटरवर जाऊन आले, साधा भात तरी आधी द्या म्हटलं, तर म्हणे सगळं सोबतच येईल. तोवर मी आईंना पर्समधली बिस्किटं दिली, चार-पाच. त्या काही बोलल्या नाहीत पण त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्या माणसाचा अजूनही राग येतो. वीस मिनटं लागतील, तास लागेल, जे खरं आहे ते सांगा ना, मी सुई थांबवली असती. घरी आल्यावर डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, बाहेरगावी असाल तं जेवण समोर दिसल्याशिवाय सुई घेऊ नका.

त्या रात्री लॉजवर कागद परत काढला. मला त्या सव्वा तासात कळलं होतं की बुफेचे पैसे जास्त खाण्याचे नाहीत, थांबावं न लागण्याचे आहेत. आत गेलं, ताट घेतलं, भात वाढला, तोंडात घास. ऑर्डर नाही, वेटर नाही, दहा मिनटं नाही. म्हणजे बुफे आईंना पाहिजे होता, बाबांना, गरोदर जाऊबाईला आणि वरणभातवाल्या पोराला पाहिजे होता, सगळ्यात कमी खाणाऱ्यांना. आणि जे धडधाकट आहेत, जे लाईनीत उभे राहू शकतात, ते बर्गरसाठी थांबू शकतात. मी यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे म्या उपाशी राहू का?" मी म्हटलं तुम्ही आईबाबांसोबत बुफेत, ताटं वाढायला कोणी पाहिजे, आणि दोन माणसांचं उरलेलं तुम्हीच भरून काढा. बर्गरला मी, पोरगी आणि भाऊजी. वेळ साडेबारा, गर्दी व्हायच्या आधी, सगळ्यांनी सव्वाबाराला बुफेच्या दारात यायचं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला इन्सुलिन, आठला नाश्ता, दहाच्या पुढं पार्कात. आत गेल्यावर पोरांचं काय झालं ते मी सांगू शकत नाही, माझा पोरगा नुसता गोल गोल फिरत होता. तिथं राजासॉरस म्हणून पाण्यातली राईड आहे, डायनासोरची. हा राजासॉरस आपल्या देशातला, नर्मदेच्या खोऱ्यातला, त्याची हाडं गुजरातेत सापडली. आमच्या शाळेतल्या सरांनी पोरांना सांगून ठेवलं होतं की चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे डोंगरगाव, पिसदुरा इथंसुद्धा डायनासोरची हाडं निघाली आहेत, तर पोरगा राईडच्या लाईनीत पुढच्या माणसाला सांगे, आमच्या विदर्भात पण होते. भिजून निघालो सगळे, पण फार मजा आली.

मग साडेअकराला पोरगी म्हणाली, आई, नायट्रो. तो मोठा पाळणा, उलटा करणारा. मला भीती वाटत होती पण तिला एकटीला जायचं नव्हतं, भाऊजी आणि हे पण निघाले. मोबाईल, पर्स सगळं लॉकरमध्ये टाकलं. आई, बाबा, जाऊबाई आणि दोन्ही लहान लेकरं बाकावर बसली. त्या दिवशी शाळांच्या सहली आल्या होत्या आणि लाईन जी लागली ती हलेचना. बारा वाजले, सव्वाबारा झाले. मला सारखं वाटत होतं निघावं, पण एवढा वेळ उभे राहिलो, आता पुढं वीसच माणसं आहेत, असं करत करत थांबलो. मी मनाला समजावलं की दुपारचं तर आईंना इन्सुलिन नसते, काही होत नाही. ही माझी चूक, आणि ती मी लपवत नाही. सकाळी घेतलेलं इन्सुलिन दुपारपर्यंत काम करत राहते, आणि त्यात आई रोज घर ते देऊळ एवढं चालणाऱ्या, त्या दिवशी तासभर तरी चालल्या होत्या. चालण्यानं शुगर आणखी उतरते. हे मला सिस्टरनं पूर्वी सांगितलेलं होतं, पण तिथं लाईनीत उभी असताना आठवलं नाही.

बाहेर आले तर एक वाजला होता. लॉकर उघडला, जाऊबाईचे सहा मिसकॉल. मी पळत गेले. आई बाकावर मान खाली घालून बसल्या होत्या, डिसेंबरचा महिना आणि कपाळावरून घाम ओघळत होता, पदर मानेला चिकटला होता. माझ्या पोरानं त्यांचा हात दोन्ही हातात धरून ठेवला होता आणि मला पाहताच म्हणाला, "मम्मी, आजीचा हात ओला झाला अन् थरथरून राह्यला." आई म्हणाल्या, "कसंतरीच होऊन राह्यलं वं." जीभ जड लागत होती. जाऊबाई रडायला आली होती, तिनं पाणी पाजलं होतं, शेजारच्या बाईनं सरबत देऊ केलं होतं ते तिनं घेतलं नाही, म्हणे शुगरवाल्यांना गोड कसं द्यायचं. तिचा काही दोष नाही, मी तिला सांगितलंच नव्हतं की शुगर उतरली तर गोडच द्यायचं असते. आणि साखरेची पुडी माझ्या पर्समध्ये, पर्स लॉकरमध्ये.

मशीन लावलं, ५८. सत्तरच्या खाली म्हणजे उतरलेली. तीन चमचे साखर अर्ध्या ग्लासात विरघळवली आणि घोट घोट पाजली, त्या शुद्धीत होत्या, गिळत होत्या म्हणून पाजली, नाहीतर तोंडात काही घालायचं नसते. मग पंधरा मिनटं घड्याळाकडे पाहत बसले. बाबा आईंच्या पाठीवरून हात फिरवत होते, आयुष्यात चारचौघांत त्यांनी असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. पंधरा मिनटांनी परत टोचलं, ९६. घाम थांबला, आईंनी पदर सावरला आणि पहिलं वाक्य काय, "पोरं उपाशी असतीन, चला जेवाले."

आणि तिथं बुफे कामी आला. दारातून आत गेल्यापासून आईंच्या पुढं ताट येईपर्यंत पाच मिनटंही लागली नसतील. हे सरळ भाताकडे गेले, भात, पिवळं वरण, दही, फुलकोबीची भाजी. शाकाहारी वेगळं मांडलेलं होतं, मी स्वतः जाऊन पाहून आले, चमचेसुद्धा वेगळे, मग आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला घास घेतला. खाली बसायला पक्क्या खुर्च्या, पंखा, गार हवा. बाबांनी मऊ भात आणि गुलाबजाम खाल्ले. पोरानं दोनदा वरणभात घेतला. जाऊबाईनं तर तिथली ताकाची वाटी चार वेळा भरून घेतली, तिला त्या दिवसात तेवढंच पोटात टिकत होतं. हे सगळं प्लेटनं मागवत बसलो असतो तर आणखी अर्धा तास गेला असता आणि त्या अर्ध्या तासाचा विचारसुद्धा मला करवत नाही.

पोरगी गप्प होती. तिला वाटलं तिच्यामुळं झालं. बर्गर नको म्हणाली. मी तिला समजावलं, लाईनीत थांबायचं मी ठरवलं होतं, तू नाही. आई जेवून बऱ्या झाल्या तशा त्यांनीच तिला जवळ घेतलं आणि भाऊजींना म्हणाल्या, "जाय, तिले ते काय पाहिजे ते खाऊ घाल." मग आम्ही तिघं रेड बॉनेटला गेलो. लाल गाद्यांच्या बैठका, जुन्या अमेरिकन पद्धतीची सजावट. तोवर तिथली गर्दी ओसरली होती. एक बर्गर तिनं घेतला, एक मी आणि भाऊजींनी अर्धा अर्धा. पावभाजीच्या पावापेक्षा मऊ पाव, आत आलूची टिक्की. पोरगी एकेक घास चावून खात होती, संपू नये म्हणून. तिला तो दिवस चांगलाच आठवावा असं मला फार वाटत होतं.

संध्याकाळचं जेवण आम्ही पार्कातही केलं नाही आणि रस्त्यावरही नाही. लॉजवाल्या काकांना सकाळीच सांगून ठेवलं होतं, आठ वाजता मऊ खिचडी आणि कढी, नऊ माणसांची. खिचडीचं पातेलं टेबलावर आल्यावर मी आईंना सुई दिली आणि ताट झाकून अर्धा तास ठेवलं. हे आणि भाऊजी तिखटाच्या मागं होते, ते खोपोलीतल्या रमाकांतचा वडापाव खाऊन आले आणि आमच्यासाठी पण बांधून आणले. चटणी झणझणीत होती, यांनी पहिल्यांदा तर्रीचं नाव काढलं नाही.

शनिवारी रात्री गाडीत जाऊबाईनं करून दिलेल्या मेथीच्या पोळ्या खाल्ल्या. एकादशीला कोणता डोस घ्यायचा ते डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारून ठेवलं होतं. पहाटे धामणगावला उतरलो, थंडी मी म्हणत होती. स्टेशनबाहेर यांनी चहा घेतला, आईंनी बिनसाखरेचा. ग्लास हातात धरून त्यांनी कमरेचा बटवा उघडला, मला वाटलं सुपारी काढतात. तर त्यांनी माझ्याकडं हात केला, "ते साखरीची पुडी दे इकडं, माह्यापाशीच राहू दे." मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती बटव्यात सुपारीच्या कप्प्यात ठेवली आणि नाडी ओढून दोनदा गाठ मारली.